विकेंद्रित जाळ्यावरचा व्हिडिओ : साठवण, वाटप आणि जबाबदारी

इंटरनेटवर जे काही ठेवले जाते त्यात व्हिडिओ सर्वांत जड. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने साठवलेला एक तासाचा व्हिडिओ सुमारे सव्वादोन जीबी जागा घेतो. तो हजार जणांनी पाहिला की सर्व्हरला सव्वादोन टीबी डेटा बाहेर पाठवावा लागतो. लेख, छायाचित्रे किंवा ईमेल यांच्यासाठी एखादी लहान संस्था आजही स्वतःचा सर्व्हर परवडेल अशा खर्चात चालवू शकते. व्हिडिओ लोकप्रिय झाला तर मात्र बँडविड्थचे बिलच तिला बुडवू शकते. २००५ साली सुरू झालेले यूट्यूब पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरना घेतले आणि तेव्हापासून जगातला बहुतांश सार्वजनिक व्हिडिओ मोजक्या कंपन्यांच्या आवारात गेला. या केंद्रीकरणाला तांत्रिक उत्तर म्हणून जी कल्पना वारंवार पुढे येते ती सोपी आहे : ज्याने व्हिडिओचा तुकडा मिळवला त्यानेच तो पुढच्या प्रेक्षकाला द्यावा. प्रेक्षक वाढतील तशी वाटपाची ताकदही वाढेल.

ही कल्पना चुकीची नाही. एकाच वेळी पुष्कळ लोकांना हव्या असलेल्या व्हिडिओच्या वाटपाचा प्रश्न या पीअर-टू-पीअर, म्हणजे प्रेक्षकाकडून प्रेक्षकाकडे जाणाऱ्या, पद्धतीने खरोखरच हलका होतो. पण व्हिडिओ ‘होस्ट’ करणे म्हणजे केवळ वाटप नव्हे. तो वर्षानुवर्षे सांभाळणे, प्रत्येक उपकरणाला चालेल अशा रूपात तयार ठेवणे, शोधणाऱ्याला सापडू देणे, वेळ आली तर काढून टाकणे आणि त्याबद्दल कुणीतरी उत्तरदायी असणे ही सगळी कामे त्यात येतात. विकेंद्रित मंच अडखळले आहेत ते मुख्यतः या कामांपाशी.

वाटपाच्या तंत्राचा पाया ब्रॅम कोहेन याने २००१ मध्ये आणलेल्या बिटटॉरेंटने घातला. त्यात फाइलचे तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तो कुणाही अनोळखी संगणकाकडून घेतला तरी खरा की खोटा हे तपासता येते. कोणता तुकडा आधी घ्यायचा याचा नियमही ठरलेला आहे : जाळ्यात जो सर्वांत दुर्मीळ असेल तो आधी. यामुळे एखादा संगणक मध्येच निघून गेला तरी फाइल अपुरी राहण्याचा धोका कमी होतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला मात्र नेमके उलटे हवे असते. त्याला पहिला तुकडा आत्ता, दुसरा काही सेकंदांनी, असे क्रमाने लागतात. सगळेच क्रमाने मागू लागले तर सुरुवातीचे तुकडे सर्वांकडे आणि शेवटचे कुणाकडेच नाहीत अशी स्थिती येते. शिवाय मागून आलेल्याकडे पुढच्याला देण्यासारखे काही नसते, त्यामुळे ‘तू दे, मी देतो’ हा बिटटॉरेंटचा देवाणघेवाणीचा तोल बिघडतो. स्ट्रीमिंगसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर यावर मधला मार्ग काढतात : सध्याच्या क्षणापुढचा थोडा भाग क्रमाने, उरलेला दुर्मीळतेनुसार. हा मार्ग चालतो, पण प्रेक्षकाने मध्येच वीस मिनिटे पुढे उडी मारली की सगळी मांडणी नव्याने करावी लागते. मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर ही उडी क्षणार्धात होते आणि प्रेक्षकाची सवय तिथेच लागलेली असते.

दुसरी अडचण माणसांच्या वागण्याची आहे. एटन अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी २००० साली नुटेला या जाळ्याचा अभ्यास केला तेव्हा सुमारे ७० टक्के वापरकर्ते काहीच वाटत नव्हते आणि जवळपास निम्मी उत्तरे वाटप करणाऱ्यांपैकी वरच्या एक टक्का संगणकांकडून येत होती. बिटटॉरेंटच्या देवाणघेवाणीच्या नियमाने हा फुकटेपणा कमी झाला, पण तो उतरवून घेणे चालू असेपर्यंतच. फाइल पूर्ण झाल्यावर ती इतरांसाठी चालू ठेवण्यात स्वतःचा काही लाभ नसतो.

विसाव्या शतकाच्या शेवटी आलेल्या फाइल-देवाणघेवाणीच्या लाटेनंतर मोठ्या संस्थांनीही हे तंत्र गांभीर्याने वापरून पाहिले. स्काइपचे निर्माते निकलस झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांनी २००७ मध्ये जूस्ट ही पीअर-टू-पीअर दूरचित्रवाणी सेवा आणली. वर्ष-दीड वर्षातच तिने वेगळे सॉफ्टवेअर सोडून देऊन ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेअरचा रस्ता धरला. बीबीसीचा आयप्लेअर सुरुवातीला कार्यक्रम उतरवून घेण्यासाठी कॉन्टिकी हे पीअर-टू-पीअर तंत्र वापरत असे. कार्यक्रम पाहून झाल्यावरही संगणक मागच्या मागे इतरांना डेटा पुरवत राहतो हे लोकांच्या लक्षात आले, आणि मर्यादित डेटाच्या जोडण्या असलेल्यांनी तक्रारी केल्या. २००८ च्या अखेरीस बीबीसीने ते तंत्र काढले. स्पॉटिफायने गाण्यांसाठी अनेक वर्षे पीअर-टू-पीअर वापरले आणि २०१४ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद केले. चीनमध्ये पीपीलाइव्हसारख्या सेवा मात्र याच तंत्रावर मोठ्या झाल्या. इतर ठिकाणच्या माघारीचे कारण तंत्र फसले हे नव्हते. दरम्यानच्या काळात सीडीएन, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांवरून भाड्याने वाटप करणाऱ्या सेवा, स्वस्त झाल्या, आणि प्रेक्षकाच्या जोडणीवर भार टाकून वाचणारा पैसा त्रासाच्या मानाने थोडा ठरला. हा हिशेब आजच्या प्रत्येक विकेंद्रित मंचालाही मांडावा लागतो.

वेगळे सॉफ्टवेअर बसवायला लावणे हा अडथळा वेबआरटीसीने दूर केला. दोन ब्राउझरांना थेट बोलू देणारे हे तंत्र गूगलने २०११ मध्ये खुले केले आणि फेरॉस अबुखदिजेह याने त्यावर वेबटॉरेंट उभारले. पण ब्राउझरला सुरक्षिततेपायी मोकळ्या टीसीपी किंवा यूडीपी जोडण्या करता येत नाहीत, म्हणून ब्राउझरमधला वेबटॉरेंट जुन्या बिटटॉरेंटच्या लाखो संगणकांशी थेट बोलू शकत नाही. दोन्हीकडची भाषा येणारा मध्यस्थ लागतोच. शिवाय ब्राउझरचा टॅब बंद केला की तो पीअर संपला. मेजावरच्या संगणकात टॉरेंट रात्रभर चालू ठेवणारा माणूस असे; टॅब रात्रभर उघडा ठेवणारा प्रेक्षक विरळा.

दोन पीअरांना एकमेकांपर्यंत पोचता येणे हेही गृहीत धरता येत नाही. आयपीव्ही४ मध्ये पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे आणि उपकरणे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून घरातल्या राउटरमागे अनेक उपकरणे एका पत्त्यावर राहतात, आणि मोबाइल कंपन्या तर हजारो ग्राहकांना काही मोजक्या पत्त्यांमागे ठेवतात. अशा दोन ग्राहकांची थेट गाठ घालून देण्यासाठी स्टन नावाचे मदतनीस सर्व्हर लागतात. तेही जमले नाही तर टर्न सर्व्हरवरून सगळा डेटा फिरवावा लागतो, आणि मग ज्या बँडविड्थच्या बचतीसाठी हा खटाटोप केला ती बचतच उरत नाही. भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मोबाइलवर आहेत. २०१६ मध्ये आलेल्या जिओने आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर वापरले, त्यामुळे पत्त्यांची टंचाई कमी झाली; पण आयपीव्ही६ असले तरी बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत बहुधा असतेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोनची बॅटरी, तापमान आणि दिवसाचा ठरलेला डेटा. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकवर व्हिडिओ पाहणाऱ्याने तेवढाच डेटा इतरांना पुरवावा ही अपेक्षा रास्त नाही. म्हणून बरेच मंच मोबाइल जोडणीवर पीअर-टू-पीअर बंद ठेवतात, आणि जिथे बहुसंख्य प्रेक्षक फोनवर आहेत तिथे वाटप पुन्हा सर्व्हरवरच येऊन पडते.

आज विकेंद्रित व्हिडिओचा सर्वांत परिपक्व नमुना म्हणजे पीअरट्यूब. शोकोबोझ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच विकसकाने तो हौसेने सुरू केला, फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेने २०१७ मध्ये त्याला कामावर घेतले, आणि लोकवर्गणीच्या बळावर ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्याची खरी ताकद पीअर-टू-पीअरपेक्षा संघीय रचनेत आहे. कुणीही आपला सर्व्हर उभारतो, आणि ॲक्टिव्हिटीपब या मानकामुळे एका सर्व्हरवरचा व्हिडिओ दुसऱ्या सर्व्हरवर, किंवा मॅस्टोडॉन या संघीय समाजमाध्यमावरही, दिसतो व त्यावर चर्चा होते. व्हिडिओची फाइल मूळ सर्व्हरवरच राहते. जे प्रेक्षक त्याच क्षणी तोच व्हिडिओ पाहत असतील ते एकमेकांना तुकडे देतात, म्हणून सर्व्हरवरचा ताण घटतो. एक सर्व्हर दुसऱ्याच्या गाजणाऱ्या व्हिडिओची प्रत आपल्याकडे ठेवून मदतीला येऊ शकतो, अशीही सोय आहे. सुरुवातीला वाटपासाठी वेबटॉरेंट होते. नोव्हेंबर २०२३ मधल्या सहाव्या आवृत्तीत ते काढून एचएलएस या ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या पद्धतीचे छोटे तुकडे वेबआरटीसीवरून वाटण्याचा मार्ग कायम केला गेला. टॉरेंटच्या नावाने ओळख झालेल्या प्रकल्पाने टॉरेंट सोडावे ही बाब या क्षेत्राची दिशा सांगणारी आहे : सर्व्हर पायाला, पीअर आधाराला.

हा आधार केव्हा मिळतो हे नीट पाहायला हवे. फ्रामासॉफ्टने एकाच वेळी हजार प्रेक्षकांची चाचणी घेतली तेव्हा प्रेक्षकांनी बँडविड्थचा मोठा भाग आपापसांत भागवला आणि साधा सर्व्हर टिकून राहिला. थेट प्रक्षेपणाला, व्याख्यानाला, निकालाच्या पत्रकार परिषदेला हे तंत्र उत्तम लागू पडते, कारण सगळे एकाच क्षणाचे तुकडे मागत असतात. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये पीअर५ ही कंपनी घेतली तीही कार्यालयांतल्या मोठ्या ऑनलाइन सभांसाठीच. पण कोणत्याही व्हिडिओ संग्रहातले बहुतांश व्हिडिओ असे नसतात. ते दिवसाकाठी दोन-चार जण, वेगवेगळ्या वेळी पाहतात. तिथे एका वेळी दुसरा प्रेक्षकच नसतो, म्हणून पीअरही नसतो. ज्या व्हिडिओंसाठी लहान संस्थेला स्वतःचा संग्रह हवा असतो — पाठ, व्याख्याने, मुलाखती, गावातल्या सभा — ते नेमके याच प्रकारात मोडतात.

यापुढचा खर्च प्रक्रियेचा. व्हिडिओ अपलोड झाला की तो १०८०, ७२०, ४८० अशा अनेक दर्जांत पुन्हा घडवावा लागतो. कमकुवत जोडणीवर चित्र थांबू नये म्हणून प्लेअर त्यांतून निवड करतो. हे ट्रान्सकोडिंग प्रोसेसरला घाम फोडते. २००३ चे एच.२६४ हे व्हिडिओ-संकेतनाचे मानक जवळपास सगळीकडे चालते, पण जागा जास्त घेते. २०१८ चे एव्ही१ जागा बरीच वाचवते आणि परवाना शुल्कातूनही सोडवते, पण ते घडवायला कितीतरी अधिक गणन लागते. मोठ्या कंपन्या यासाठी स्वतःच्या चिप बनवतात. पीअरट्यूबने २०२३ मध्ये हे काम दुसऱ्या संगणकांवर सोपवण्याची सोय दिली, त्यामुळे व्हिडिओ येतील तेव्हाच ताकदवान यंत्र चालू करता येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या लाइव्हपीअरने तर हेच काम इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या टोकनाच्या मोबदल्यात अनोळखी संगणकांकडून करून घेण्याची बाजारपेठ उभी केली. मात्र अनोळखी यंत्राने व्हिडिओ खरोखर नीट घडवला की नाही हे तपासणे कठीण असते. तुकड्याचा हॅश इथे उपयोगी पडत नाही, कारण घडवलेला व्हिडिओ मूळ फाइलपेक्षा वेगळाच असतो.

साठवणीच्या टिकाऊपणाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आयपीएफएसभोवती आहे. ह्वान बेनेट याच्या प्रोटोकॉल लॅब्जने २०१५ मध्ये आणलेल्या या जाळ्यात फाइलचा पत्ता तिच्या मजकुरावरून ठरतो. सर्व्हर बदलला तरी पत्ता तोच राहतो, आणि यावरून फाइल कायमची राहते असा समज पसरला. प्रत्यक्षात ती कुणीतरी ‘पिन’ करून ठेवली असेल तोवरच राहते. इतर नोड, म्हणजे जाळ्यातले संगणक, तिची प्रत तात्पुरती ठेवतात आणि जागा कमी पडली की साफ करतात. सार्वजनिक प्रवेशद्वारे म्हणून काम करणारे गेटवेही हळूहळू थोड्याच संस्थांच्या हाती गेले. क्लाउडफ्लेअरने आपले गेटवे २०२४ मध्ये सोडून दिले. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या फाइलकॉइनने साठवणाऱ्याला मोबदला देण्याची आणि त्याने प्रत खरोखर ठेवली आहे याचा गणिती पुरावा मागण्याची व्यवस्था केली. ती प्रामाणिक योजना आहे, पण करार मुदतीचा असतो आणि भाडे कुणीतरी भरायचे असते. क्लिक केल्याबरोबर व्हिडिओ सुरू होण्यासाठी लागणारा वेग मिळवायला वेगळ्या, महागड्या प्रतीही लागतात.

टोकनावर उभ्या असलेल्या व्यवस्थेची आणखी एक जोखीम एलबीआरवायच्या कहाणीत दिसते. या अमेरिकी कंपनीने ब्लॉकचेनवर व्हिडिओंची नोंद ठेवणारे जाळे बांधले आणि २०२० मध्ये ओडिसी हे संकेतस्थळ आणले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने तिच्यावर दावा लावला; टोकनांची विक्री ही नोंदणी न केलेल्या रोख्यांची विक्री होती असा निकाल न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. २०२३ मध्ये कंपनी बंद पडली आणि ओडिसी दुसऱ्यांच्या हाती गेले. नोंदणी विकेंद्रित होती, तरी ब्राउझरमधून पाहणाऱ्याला व्हिडिओ मुख्यतः कंपनीच्याच यंत्रणेवरून मिळत होते, आणि म्हणून कंपनीचे भवितव्य हेच निर्मात्यांच्या व्हिडिओंचे भवितव्य ठरले.

काढून टाकण्याचा प्रश्न सर्वांत अवघड. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्लेखोराने हत्याकांडाचे थेट प्रक्षेपण केले. पहिल्या २४ तासांत आपण त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढल्या आणि त्यांतल्या १२ लाखांहून अधिक अपलोड होतानाच अडवल्या, असे फेसबुकने सांगितले. इतकी यंत्रणा, इतके कर्मचारी असूनही व्हिडिओ पसरत राहिला. विकेंद्रित जाळ्यात अशी अडवणूक करणारे एक ठिकाणच नसते. पीअरट्यूबचा चालक आपल्या सर्व्हरवरून व्हिडिओ काढू शकतो, वाईट सर्व्हरशी संबंध तोडू शकतो. संघीय जगात ‘संबंध तोडणे’ हे खरे नियंत्रण आहे आणि २०१९ मध्ये गॅब या वादग्रस्त समाजमाध्यमाने मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर वापरायला घेतले तेव्हा अनेक सर्व्हरांनी ते वापरून दाखवले. पण तो तुटलेला सर्व्हर चालूच राहतो. मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये ओळखण्यासाठी मोठ्या कंपन्या फोटोडीएनएसारख्या तंत्राचे हॅशसंच वापरतात. हौशी चालकाला ते सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी व्हिडिओवर चालवणे खर्चिक असते. आयपीएफएस किंवा ब्लॉकचेनवर तर पत्ता पुसता येत नाही, फक्त आपला नोड तो पुरवणार नाही एवढेच ठरवता येते. ज्या पीडितेचा खासगी व्हिडिओ तिच्या इच्छेविरुद्ध पसरवला गेला आहे तिच्या दृष्टीने ‘कुणीही पुसू शकत नाही’ हा या जाळ्याचा गुण नसून तिच्यावरचा अन्याय कायम ठेवणारी रचना आहे. सेन्सॉरशिपविरोधाच्या उत्साहात ही बाजू फार कमी बोलली जाते.

कायद्याची रेषाही इथे धूसर होते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार मध्यस्थाला संरक्षण मिळते, पण दक्षतेच्या अटींवर. २०२१ च्या नियमांत न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश पाळायला ३६ तास, आणि खासगी अंगाचे दर्शन घडवणाऱ्या दृश्यांच्या तक्रारीवर २४ तास अशी मुदत सुरुवातीला घातली गेली होती. अधिक कडक अटी ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांसाठी आहेत, तरी तक्रार अधिकारी आणि मुदती लहान चालकालाही चुकत नाहीत. प्रेक्षकाचे काय? २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या पायरसीविरुद्धच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी बंद केलेल्या संकेतस्थळांवर झळकणाऱ्या धमकीवजा सूचनेत दुरुस्ती करायला लावली; गुन्हा नुसते पाहण्यात नसून विनापरवाना वाटप किंवा सार्वजनिक प्रदर्शन करण्यात आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. पीअर-टू-पीअर जाळ्यात मात्र पाहणे आणि वाटणे एकाच वेळी घडते. पाहणाऱ्याला आपण वाटतही आहोत याची जाणीव असेलच असे नाही.

त्याला लागूनच खासगीपणाचा मुद्दा येतो. तुकडे देण्याघेण्यासाठी पीअरांना एकमेकांचा आयपी पत्ता कळावा लागतो. म्हणजे कोण काय पाहतो आहे हे एका कंपनीऐवजी त्या व्हिडिओचे इतर प्रेक्षक, आणि त्यांच्यात मिसळलेला कुणीही निरीक्षक, टिपू शकतो. आजार, धर्म, राजकारण किंवा आंदोलन यांविषयीच्या व्हिडिओंबाबत हे गंभीर आहे. पीअरट्यूबमध्ये प्रेक्षकाला ही देवाणघेवाण बंद करता येते, पण बंद करणाऱ्यांची संख्या वाढेल तशी वाटपाची ताकद घटते.

शोध आणि पैसा यांवर थोडक्यात सांगता येईल, कारण तिथे उत्तरे अजून फारशी नाहीत. फ्रामासॉफ्टने २०२० मध्ये सेपिया सर्च हे शोधयंत्र आणले, तेही निवडलेल्या सर्व्हरांपुरते. किती जणांनी पाहिले हा आकडा प्रत्येक सर्व्हर स्वतः सांगतो आणि तो खोटा असू शकतो, म्हणून जाहिरातदार फिरकत नाही. यूट्यूबने २००७ पासून निर्मात्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा दिला. विकेंद्रित मंचावर देणग्या किंवा बाहेरची वर्गणी एवढाच मार्ग उरतो. उपजीविका व्हिडिओवर असलेल्या निर्मात्याला तो पुरत नाही. ज्यांना उत्पन्न नको, ताबा हवा आहे, त्यांचे मात्र काम भागते. २०१८ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ब्लेंडर फाउंडेशनचे व्हिडिओ यूट्यूबवर अचानक बंद झाले, तेव्हा त्या संस्थेने स्वतःचा पीअरट्यूब सर्व्हर उभारला. विद्यापीठे, ग्रंथालये, चळवळी आणि मुक्त सॉफ्टवेअर संस्था यांच्यासाठी ही वाट आज व्यवहार्य आहे, अट एवढीच की सर्व्हरचे भाडे, ट्रान्सकोडिंग आणि तक्रारींना उत्तर देणारा माणूस यांची तरतूद आधी केलेली हवी.

या संपूर्ण उभारणीमागचे मनुष्यबळ फार थोडे आहे. पीअरट्यूबवर अनेक वर्षे एकच पगारी विकसक काम करत होता. डिसेंबर २०२४ मध्ये पीअरट्यूबचे मोबाइल ॲप आले तेव्हा आणखी एक मर्यादा पुढे आली : कोणताही सर्व्हर जोडता येईल असे ॲप ॲपल आणि गूगलच्या दुकानांच्या नियमांत बसणे कठीण होते, म्हणून तिथल्या आवृत्तीत निवडक सर्व्हरांचीच यादी ठेवावी लागली.